जीवनदृष्टी म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तत्त्वज्ञान हा ज्यांच्या अभ्यासाचा विषय नाही, पण आपण आणि आपली माणसे जगाकडे असे का पाहतो हा प्रश्न ज्यांना पडतो, अशा वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरणे मुद्दाम नाशिक शहर आणि जिल्ह्यातून घेतली आहेत. हा विषय हवेत चर्चिला की फार लवकर निसटतो, आणि रामकुंड, निफाडची द्राक्षबाग किंवा पेठ-सुरगाण्याचा डोंगर समोर ठेवला की बराच आवाक्यात येतो.

जीवनदृष्टी म्हणजे नेमके काय?

जग कसे चालते, त्यात घडणाऱ्या गोष्टी कशामुळे घडतात, खरे-खोटे कशावरून ठरवायचे, माणसाने कसे वागावे आणि मेल्यानंतर काय होते, या प्रश्नांची जी उत्तरे माणूस गृहीत धरून चालतो, त्यांच्या एकमेकांत गुंतलेल्या रचनेला जीवनदृष्टी किंवा विश्वदृष्टी म्हणतात. ही उत्तरे त्याने बसून शोधलेली नसतात. घर, भाषा, सणवार, शाळा आणि पोटापाण्याचा व्यवसाय यांतून ती नकळत अंगवळणी पडलेली असतात. एका माणसापुरता विचार केला तर ती व्यक्तिगत जीवनदृष्टी होते, आणि एखाद्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली असेल तर सांस्कृतिक.

गृहीत धरणे हा या व्याख्येचा कणा आहे. माणूस व्यासपीठावरून काय बोलतो, यावरून त्याची जीवनदृष्टी फारशी कळत नाही. निर्णय घेताना ज्या गोष्टीवर चर्चा करण्याची त्याला गरजच भासत नाही, तिथे ती सापडते. मुलाच्या लग्नाच्या बैठकीत मानपान, हॉल, तारीख यांवर तासन्‌तास वाद होतात, पण लग्न करायचेच असते यावर कोणी अवाक्षर काढत नाही. त्या न उच्चारलेल्या वाक्यात त्या घराची जीवनदृष्टी आहे.

मत, विचारसरणी आणि धर्म यांहून ती वेगळी कशी?

मत एकेका विषयापुरते असते आणि ते बदलले तरी बाकीचे आयुष्य तसेच चालू राहते. विचारसरणी मुख्यतः समाज आणि सत्ता यांच्याविषयी बोलते, आणि बहुधा लिहून ठेवलेली असते. धर्मात जीवनदृष्टी असतेच, परंतु तिच्यासोबत संस्था, विधी आणि समुदायही असतात. शिवाय एका धर्मपरंपरेत एकच जीवनदृष्टी असते असेही नाही. वेदप्रामाण्य मानणाऱ्या षड्दर्शनांपैकी, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या सहा परंपरांपैकी, सांख्य आणि मीमांसा यांच्या अभिजात मांडणीत जगाचा निर्माता ईश्वर लागत नाही, तर उत्तरकालीन नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे विचारवंत, त्याच ईश्वराच्या सिद्धीसाठी युक्तिवादामागून युक्तिवाद रचतात.

रोजच्या व्यवहारात ती कशी दिसते?

सर्वांत स्पष्ट दिसते ती नुकसान झाल्यावर. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातले एखादे द्राक्षबागाईतदार घर डोळ्यांसमोर आणावे. ऑक्टोबर छाटणीपासून डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारण्या करून बाग जपली आहे, मण्यांत साखर उतरली आहे, व्यापाऱ्याशी सौदा झाला आहे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एका संध्याकाळी पंधरा मिनिटे गारपीट होते. सकाळी बागेत पाऊल टाकावे तर मण्यांना तडे गेलेले, पानांच्या चिंध्या झालेल्या, आणि ओळींमध्ये चिखलात घड पडलेले.

अशा वेळी घरातले आजोबा म्हणतात, "आपल्या नशिबातच नव्हतं." मुलगा म्हणतो, "हवामान बदललंय, आता प्लास्टिक आच्छादनाशिवाय द्राक्ष परवडणार नाही." सून विचारते, "तलाठी पंचनाम्याला कधी येणार?" तिघांनी एकच बाग पाहिली आहे आणि नुकसानीच्या आकड्याविषयी त्यांच्यात मतभेद नाही. आजोबांच्या वाक्यात माणसापेक्षा मोठ्या अशा एका व्यवस्थेचा स्वीकार आहे. मुलाच्या वाक्यात निसर्ग म्हणजे कारण समजले की उपाय सापडणारी यंत्रणा आहे. सुनेच्या वाक्यात आपत्ती निसर्गाची असली तरी तिची भरपाई हा नागरिकाचा हक्क आहे.

यांपैकी एक दृष्टी अडाणी आणि दुसरी आधुनिक असा शेरा मारण्याची घाई करू नये. नशिबाची भाषा बोलणारे हेच आजोबा पुढच्या वर्षी पुन्हा कर्ज काढून बाग उभी करतात. किंबहुना "आपल्या हातात नव्हते" एवढे म्हणता येते, म्हणूनच स्वतःला दोष देत न बसता ते पुन्हा बागेत उतरू शकतात. नशीब मानणारा माणूस हातपाय हलवत नाही, हा शहरी समज शेतीकडे लांबून पाहिल्यामुळे झालेला आहे.

जीवनदृष्टी तपासण्यासाठी अभ्यासकांनी कोणते प्रश्न योजले आहेत?

अमेरिकेतील फ्लॉरेन्स क्लकहोन आणि फ्रेड स्ट्रॉडबेक यांनी १९६१ मध्ये मांडलेली पाच प्रश्नांची चौकट आजही उपयोगी पडते. माणूस मुळात चांगला, वाईट की मिश्र. त्याने निसर्गापुढे नमावे, त्याच्याशी जुळवून घ्यावे की त्याच्यावर मात करावी. महत्त्व भूतकाळाला, वर्तमानाला की भविष्याला. आयुष्यात असणे, घडत जाणे आणि कर्तृत्व गाजवणे यांपैकी मोल कशाचे. आणि माणसामाणसांतील नाते वडीलधाऱ्यांच्या उतरंडीचे, भाऊबंदांच्या बरोबरीचे की स्वतंत्र व्यक्तींचे, असे ते पाच प्रश्न. त्यांनी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील पाच शेजारी समाजांचा अभ्यास केला. सर्व पर्याय प्रत्येक समाजात आढळतात, फरक असतो तो त्यांच्या पसंतीक्रमात, ही त्यांची भूमिका मला चौकटीपेक्षाही मोलाची वाटते. "आपली संस्कृती अशी आणि त्यांची तशी" या ठोकळेबाज विधानांना त्यामुळे आपोआप आळा बसतो.

त्याआधी, १९११ मध्ये, विल्हेल्म डिल्टाय या जर्मन विचारवंताने तत्त्वज्ञानातील जीवनदृष्टींचे तीन प्रकार सांगितले होते: सर्व काही निसर्गनियमांनी समजावणारी, मनुष्याच्या स्वातंत्र्याला केंद्रस्थानी ठेवणारी, आणि संपूर्ण विश्वात एकच चैतन्य पाहणारी. यांपैकी कोणतीही दृष्टी अंतिमतः सिद्ध करता येत नाही, कारण प्रत्येक दृष्टी आयुष्याच्या एका बाजूला धरून उभी असते, असे त्याचे म्हणणे होते.

नाशिकची अशी एकच सांस्कृतिक जीवनदृष्टी आहे का?

नाही, आणि एका तिथीवरूनच हे दाखवता येते. आश्विन वद्य द्वादशीला नाशिक शहरात वसुबारस असते. सवत्स धेनूची पूजा होते आणि दिवाळी सुरू होते. त्याच दिवशी जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा, इगतपुरी भागातील महादेव कोळी, कोकणा, वारली यांच्या पाड्यांवर वाघबारस असते आणि पूजा वाघदेवाची होते. एकीकडे गाय, दुसरीकडे तिला खाणारा वाघ. सह्याद्रीच्या कुशीत गुरे राखणाऱ्या माणसाच्या अनुभवाला हे धरूनच आहे. ज्याच्या रानात आपली गुरे चरतात, त्याला मान द्यायचा, त्याचा हक्क मान्य करायचा आणि आपल्या गुरांना सांभाळ म्हणून त्याच्याकडेच मागणे मागायचे, ही निसर्गाशी करार करणारी दृष्टी आहे. तिच्यात वाघ हा नायनाट करण्याजोगा शत्रू नाही, आणि लांबून कौतुक करण्याजोगे देखणे जनावरही नाही.

अशीच तफावत धान्याच्या बाबतीत दिसते. आदिवासी परंपरेत कणसरी ही धान्याची देवी आहे. बाजारसमितीत तेच धान्य क्विंटलचा भाव असलेला माल असतो. आज पाड्यावरील अनेक कुटुंबे या दोन्ही जगांत वावरतात. सकाळी हंगामी मजुरीसाठी द्राक्षबागेत जाणारा माणूस मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात सहभागी होतो, आणि त्याला यात काही विचित्र वाटत नाही.

काळाविषयीही हेच म्हणता येते. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ भरतो. गुरूला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला सुमारे १२ वर्षे लागत असल्यामुळे त्र्यंबकेश्वर आणि नाशिकचा मेळा दर बारा वर्षांनी येतो. त्र्यंबकला शैव आखाडे स्नान करतात आणि रामकुंडावर वैष्णव. साधूंसाठी हा परत परत येणारा, वर्तुळात फिरणारा काळ आहे. घाट आणि रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यासाठी तोच सिंहस्थ म्हणजे निविदा, कामाची मुदत आणि शेवटची तारीख. दोघांची दिनदर्शिका एकाच खिळ्याला टांगलेली असते.

मी देव मानत नाही. मग मला जीवनदृष्टी नाही असे समजायचे का?

असे मुळीच नाही. देव नाही असे मानणे हे जगाविषयीचे एक ठाम विधान आहे, आणि भारतात त्याची परंपरा चार्वाकांइतकी जुनी आहे. विज्ञानाबाबत मात्र एक भेद लक्षात ठेवावा. विज्ञान ही पुराव्यावरून निष्कर्ष काढण्याची पद्धत आहे. जे विज्ञानाने कळत नाही ते अस्तित्वातच नाही, असे म्हटले की आपण पद्धतीकडून जीवनदृष्टीकडे सरकलेलो असतो. राज्यघटनेच्या कलम ५१क मध्ये १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदवले गेले. ते देवावर विश्वास असणाऱ्या आणि नसणाऱ्या, दोघांनाही सारखेच लागू आहे.

विश्वास नसताना विधी करणे म्हणजे ढोंग नव्हे काय?

हा प्रश्न नाशिकमध्ये फार वेळा येतो, याचे कारण रामकुंड. अस्थिविसर्जन आणि दहाव्याच्या विधीसाठी लांबलांबून लोक इथे येतात. पिंड ठेवला जातो आणि सगळे कावळ्याची वाट पाहतात. वेळ जातो, ऊन चढते. मग कोणीतरी जवळचा माणूस पुढे होतो आणि मोठ्याने म्हणतो, "आईची काळजी करू नका, आम्ही सांभाळू," "धाकट्याचं शिक्षण पूर्ण करू." कावळा शिवला तर सुटकेचा निःश्वास टाकला जातो, नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी पूर्ण होतो.

त्या गर्दीत परलोक न मानणारा मुलगाही उभा असतो आणि त्याचीही नजर झाडावर असते. त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे, परंतु ते अपुरे आहे. जीवनदृष्टीत जग काय आहे याविषयीची समजूत असते, तशीच आपण कोणाचे काय लागतो याविषयीचीही असते. पहिल्या बाबतीत हा मुलगा शरीरशास्त्राच्या बाजूने आहे. दुसऱ्या बाबतीत, गेलेल्या माणसाच्या अपुऱ्या इच्छा जिवंतांनी विचारायच्या आणि चारचौघांत कबूल करायच्या, ही त्या विधीतली जाणीव त्याची स्वतःचीही आहे. आईला सांभाळण्याचे वचन त्याने दिले ते कावळ्याला नव्हे. तिथे उभ्या असलेल्या काका, आत्या आणि भावांनी ते ऐकले आहे.

याचा अर्थ प्रत्येक विधी टिकवावा असा होत नाही. विधीमागची समजूत एखाद्याला अन्यायकारक वाटत असेल, तर त्याने तो सोडणे हेच प्रामाणिकपणाचे ठरते, आणि तसे सोडणाऱ्यांचा मोठा इतिहास याच जिल्ह्यात आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

एकच माणूस दोन परस्परविरोधी दृष्टी बाळगू शकतो का?

शकतो, आणि बहुतेक जण बाळगतात. अपत्यप्राप्तीसाठी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करणारे जोडपे त्याच काळात डॉक्टरांचे उपचारही घेत असते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ मध्ये आफ्रिकेतील अझांडे समाजाविषयी लिहिताना याचा उलगडा केला होता. वाळवी लागल्यामुळे धान्याचे कोठार कोसळते हे अझांडे लोकांना पुरते ठाऊक असते. परंतु नेमकी आमचीच माणसे खाली बसली असताना ते का कोसळले, याचे उत्तर वाळवी देत नाही, म्हणून ते करणीकडे वळतात. "कसे" हा एक प्रश्न आहे आणि "माझ्याच वाट्याला का" हा दुसरा. वैद्यकशास्त्र पहिल्याचे उत्तर देते. दुसऱ्यावर ते गप्प राहते, आणि माझ्या मते त्याने तिथे गप्पच राहावे. अडचण होते ती दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी पहिल्यावरचा उपचार थांबवला जातो तेव्हा.

ही काही आजची गोष्ट नाही. त्रिरश्मी लेणीतील, म्हणजे पांडवलेण्यातील, दहाव्या क्रमांकाच्या लेणीत नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. ब्राह्मणांना दिलेली गायींची दाने आणि घातलेली भोजने त्याने अभिमानाने नोंदवली आहेत, आणि ज्या भिंतीवर ती नोंदवली आहेत ती लेणी त्याने बौद्ध भिक्षूंसाठी कोरवली आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, २००० आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून ठेवले, व्याजाच्या दरासकट. त्याला यात विसंगती वाटली असती तर त्याने ती दगडात कोरून ठेवली नसती.

गोदावरीला माई म्हणणारे लोकच तिच्यात निर्माल्य कसे टाकतात?

पावित्र्य आणि स्वच्छता या दोन स्वतंत्र कल्पना आहेत म्हणून. जी दुसऱ्यांना पावन करते ती स्वतः कशी मळेल, अशी श्रद्धा असेल तर निर्माल्य पाण्यात सोडणे हा आदर ठरतो. याच श्रद्धेची दुसरी बाजू, म्हणजे माईची सेवा, पुढे केली तर निर्माल्य कलशात टाकायला भाविक तयार होतात. नुसत्या दंडाच्या फलकाने ते होत नाही. मात्र नदीत मिसळणारे सांडपाणी हा जीवनदृष्टीचा विषय नाही. तो गटारांचा आणि शुद्धीकरण केंद्रांचा विषय आहे, आणि त्याची जबाबदारी भाविकांच्या श्रद्धेवर ढकलणे सोयीचे असले तरी योग्य नाही.

जीवनदृष्टी बदलता येते का?

येते, परंतु मत बदलते तशी एका रात्रीत नाही. सर्वांत मोठे उदाहरण घराजवळचे आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नाशिकमध्ये नेटाने चालवला. मंदिराचे दरवाजे बंद राहिले. वाद वरवर पाहता दर्शनाचा होता. त्याच्या मुळाशी माणूस जन्माने लहान-मोठा ठरतो की नाही, हा प्रश्न होता, आणि दरवाजा बंद ठेवणाऱ्यांनी त्याचे उत्तर गृहीत धरलेले होते.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. धम्मदीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला. मध्ये २१ वर्षे गेली. जुने नाकारण्याची घोषणा एका सभेत होऊ शकते. जुन्याच्या जागी काय मानायचे, जन्म, विवाह आणि मृत्यू या प्रसंगी काय करायचे, हे ठरवायला अभ्यास लागतो. दीक्षेच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञा त्या दृष्टीने वाचाव्यात. त्यांत समतेचे तत्त्व आहे, तसेच श्राद्ध आणि पिंडदान न करण्याचा निर्धारही आहे. म्हणजे रामकुंडावर ज्या कृतीतून एक जीवनदृष्टी चालत राहते, नेमकी ती कृती थांबवूनच दुसरी सुरू केलेली आहे.

व्यक्तीच्या पातळीवर बदल बहुधा तीन वाटांनी येतो: मोठे दुःख, दीर्घ अभ्यास, किंवा वेगळ्या माणसांशी रोजचा संबंध. तिसरी वाट सर्वांत दुर्लक्षित आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत एका मशीनवर काम करणारी, एकमेकांच्या डब्यातले खाणारी माणसे कोणत्याही भाषणाशिवाय बरीच बदलतात.

मग सगळ्याच जीवनदृष्टी सारख्याच बरोबर मानायच्या का?

नाही. इथे अनेकदा जैनांच्या अनेकांतवादाचा दाखला दिला जातो, आणि बऱ्याचदा चुकीच्या अर्थाने. "ज्याचे त्याचे खरे" असे अनेकांत म्हणत नाही. वस्तूला अनेक अंगे असतात, म्हणून कोणतेही विधान कोणत्या अपेक्षेने खरे आहे ते सांगितले पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. ही बोलणाऱ्यावर टाकलेली शिस्त आहे, सर्वांना दिलेली मुभा नव्हे. एखादी दृष्टी तपासताना तिच्यातील विधाने अनुभवाशी जुळतात का, ती आतून सुसंगत आहे का, आणि तिची किंमत कोण मोजतो, हे तीन प्रश्न विचारता येतात. तिसऱ्या प्रश्नावर अस्पृश्यता टिकत नाही. ज्यांनी ती मानली त्यांना ती सुसंगतच वाटत होती.

घरात दोन पिढ्यांच्या दृष्टी भिडल्या तर काय करावे?

आई पत्रिका पाहायची म्हणते, मुलगी नको म्हणते, आणि दोन तासांनी दोघी मंगळ खरा की खोटा यावर भांडत असतात. मंगळाचा निकाल त्या खोलीत लागणार नाही. पत्रिकेतून आईला कोणती शाश्वती हवी आहे, आणि ती नाकारताना मुलीला कोणता हक्क राखायचा आहे, हे आधी बोलावे. दोघींचे एकमत होईलच असे नाही, पण भांडण निदान योग्य विषयावर होईल.

स्वतःची जीवनदृष्टी कशी ओळखावी?

"माझा कशावर विश्वास आहे" अशी यादी करायला बसू नये. त्यात माणूस स्वतःला शोभेल असेच लिहितो. त्याऐवजी गेल्या काही वर्षांतील मोठे निर्णय आठवावेत: घर कुठे घेतले, नोकरी का सोडली किंवा का सोडली नाही, आजारपणात आधी कोणाला फोन केला, जमिनीच्या वाटणीत बहिणीचे नाव आले का. प्रत्येक निर्णयात कोणत्या पर्यायाचा विचारच झाला नाही, ते लिहावे. बँकेचे पासबुक या कामी डायरीपेक्षा जास्त खरे बोलते. शेवटी हा कागद घरातल्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला वाचायला द्यावा, आणि ज्या ओळीवर तो "हे तू कधी केलंस?" असे विचारील, ती ओळ यादीतून काढून टाकावी.